जुनी गाडी सेल्फ घेत नाही? आधी मोजा, मग पैसे मोजा

तुमच्याकडे प्रीमिअर पद्मिनी आहे, अ‍ॅम्बेसेडर आहे किंवा कार्ब्युरेटर आणि सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटवर चालणारी तशीच एखादी जुनी गाडी आहे. सकाळी किल्ली फिरवलीत आणि गाडी चालू झाली नाही. पुढच्या अर्ध्या तासात तुम्ही काय करता, त्यावर काम शंभर रुपयांत भागणार की आठ हजारांत, ते ठरतं.

या गाड्यांत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. गाडी चालू करण्याचं सगळं काम एक बॅटरी, दोन जाड केबली, सेल्फ, कॉइल, डेल्को (डिस्ट्रिब्युटर) आणि चार प्लग यांच्यात होतं. यातली प्रत्येक वस्तू साध्या मीटरने तपासता येते. तरी बहुतेक मालक तपासणीऐवजी अंदाजाचे पैसे भरतात. आधी नवी बॅटरी, मग सेल्फ, मग कॉइल, आणि शेवटी दोष निघतो गंजलेल्या टर्मिनलमध्ये. म्हणून नियम एकच : मीटर लावल्याशिवाय एकही वस्तू बदलू देऊ नका.

खाली दिलेले दर पुण्या-मुंबईतल्या साध्या गॅरेजचे अंदाज आहेत. दुकानागणिक ते वर-खाली होतात. वस्तू घेण्याआधी दोन ठिकाणी विचारा.

गाडीत ही सामग्री ठेवा

डिजिटल मल्टिमीटर (३०० ते ८०० रुपये). टेस्ट लॅम्प, म्हणजे १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी (५० ते १५० रुपये, घरीही बनतो). फीलर गेज. दहा नंबरचा आणि तेरा नंबरचा पाना. बारीक पॉलिश पेपर. जाड तांब्याच्या जंपर केबली. शेवटच्या वस्तूत काटकसर करू नका. स्वस्त केबलीवर जाड प्लॅस्टिक असतं आणि आत तांबं नावाला असतं. त्या बॅटरीचा करंट सेल्फपर्यंत पोचवत नाहीत आणि हातात गरम होतात.

काम सुरू करण्यापूर्वी : गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हातातलं घड्याळ-अंगठी खिशात. बॅटरी सोडवताना आधी अर्थची केबल काढा आणि जोडताना ती शेवटी लावा. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी पडेल असं काहीही करू नका. आधी गळती शोधा.

पहिली दहा सेकंदं : आवाज ऐका

हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. मीटर काढण्याआधीच अर्धं निदान इथे होतं.

आवाज नाही, दिवेही मंद किंवा पूर्ण विझतात : बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.

टकटकटक असा भरभर आवाज : बॅटरीत जोर नाही. सोलेनॉइड (सेल्फचा चुंबकी स्विच) ओढला जातो, सुटतो, पुन्हा ओढला जातो.

एकच टक, दिवे बऱ्यापैकी टिकून : सोलेनॉइड, सेल्फ किंवा अर्थ.

काहीच आवाज नाही, दिवे मात्र ठणठणीत : इग्निशन स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर.

सेल्फ घर्रकन मोकळं फिरतं, इंजिन हलत नाही : बेंडिक्स (सेल्फचा दातेरी गिअर) किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात.

इंजिन छान फिरतं, पण चालू होत नाही : सेल्फ निर्दोष आहे. दोष इग्निशनमध्ये किंवा पेट्रोलमध्ये आहे. अशा वेळी कुणी सेल्फ खोलायला सांगितलं, तर गाडी तिथून हलवा.

गॅरेजला फोन करताना “गाडी बंद आहे” एवढंच सांगू नका. “एकच टक होतो, दिवे टिकतात” असं सांगा. समोरच्याला कळतं की तुम्ही पाहिलं आहे. तो योग्य वस्तू घेऊन येतो आणि तुमची दुसरी फेरी वाचते.

बॅटरी : तीन आकडे लक्षात ठेवा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर बॅटरीच्या दोन खुंट्यांना लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२ किंवा त्याखाली म्हणजे उतरलेली, आधी चार्ज करा.

दुसरा आकडा सेल्फ मारताना घ्यायचा. कुणाला तरी किल्ली धरायला सांगा आणि तुम्ही मीटर पाहा. आकडा ९.६ च्या वर राहिला तर बॅटरी ठीक. आठवर कोसळला तर बॅटरी दमली आहे, नाहीतर सेल्फ जास्त करंट खातं आहे. दुसरी चांगली बॅटरी लावून पाहिलं की कोण दोषी ते कळतं.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना, रेस थोडी वाढवून. १३.८ ते १४.४ च्या आसपास हवा. तो साडेबाराच्या पुढे जात नसेल तर डायनामो, अल्टरनेटर किंवा कटआउट तपासा. त्याआधी नवी बॅटरी घेतलीत तर तीही आठवड्यात बसेल. डायनामो असलेल्या गाड्या आयडलिंगला जवळजवळ चार्जिंग करत नाहीत, म्हणून सिग्नलवर उभं राहून घेतलेल्या आकड्यावर विसंबू नका.

बॅटरी चार-पाच दिवसांत आपोआप उतरते? सगळं बंद करून अर्थची केबल काढा, केबल आणि खुंटीच्या मध्ये मीटर दहा अ‍ॅम्पिअरच्या खुणेवर लावा. जुन्या गाडीत घड्याळ सोडलं तर करंट खाणारं काही नसतं. ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या वर आकडा दिसला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल ती लाइन गुन्हेगार. बहुतेकदा नंतर बसवलेला टेप किंवा हॉर्नचा रिले सापडतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

खर्च : चार्जिंग १०० ते २०० रुपये, वेळ आठ-दहा तास. घाईचं तासाभराचं चार्जिंग टाळा, त्याने प्लेटा खराब होतात. ३५ ते ४५ अ‍ॅम्पिअर-अवरची नवी बॅटरी साधारण ३,५०० ते ५,५०० रुपये, जुनी परत देऊन. दुकानदाराला दोन भाव विचारा : जुनी देऊन किती, न देता किती. फरक तुमच्या जुन्या बॅटरीची किंमत आहे, ती बिलातून वजा झालीच पाहिजे. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथल्या तिथे घ्या. बॅटरीवर छापलेला उत्पादनाचा महिनाही वाचा. सहा महिने फळीवर पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नका.

टर्मिनल आणि अर्थ : सर्वांत स्वस्त दोष, सर्वांत महाग निदान

सेल्फ फिरवायला शंभराहून जास्त अ‍ॅम्पिअर करंट लागतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असेल तर दिवे लागतील, हॉर्न वाजेल, पण सेल्फ फिरणार नाही. केबल काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून थर धुवा, कोरडं करा, खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. वेळ पंधरा मिनिटं. खर्च शून्य.

आता अर्थची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीशी त्याचा धातूचा संबंध जवळपास नसतो. करंट परत बॅटरीकडे जातो तो इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामधल्या विणलेल्या पट्टीतून. ती खाली असते, चिखल-पाणी तिच्यावर उडतं. वरून धड दिसते, आत गंजलेली असते.

माझ्या पद्मिनीने एका जुलैत नेमकं हेच केलं. किल्ली फिरवली की एकच टक. गॅरेजने बघताक्षणी सांगितलं, सेल्फ गेलं. सेल्फ उतरवलं, कार्बन-बुश बदलले, मी २,२०० रुपये दिले. बसवल्यावर पुन्हा तोच टक. मग सोलेनॉइड बदलायचं ठरलं. शेजारच्या गल्लीतले एक वयस्कर वायरमन काका तिथे उभे होते. त्यांनी मला सेल्फ मारायला सांगितलं आणि डॅशबोर्डखालून चोकची केबल दोन बोटांत धरली. लगेच सोडली. मला म्हणाले, “हात लावून बघा.” केबल चटका बसावा इतकी तापली होती. सेल्फला हवा असलेला करंट पट्टी सोडून त्या बारीक तारेतून वाट काढत होता. काकांनी बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवरून इंजिनला जंपर केबल लावली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. नवी पट्टी १८० रुपयांना आली. ते २,२०० रुपये परत मिळाले नाहीत. कारण मी मोजायला सांगितलं नव्हतं, बदलायला सांगितलं होतं.

अर्थच्या पट्टीची चाचणी तुम्ही दोन मिनिटांत करू शकता. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नव्हे. सेल्फ मारताना आकडा वाचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी हवा. जास्त आला तर पट्टी किंवा तिचे नटबोल्ट. मग तसंच दुसऱ्या बाजूला : बॅटरीची करंटची खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट. तिथेही अर्ध्या व्होल्टच्या आत. जास्त असेल तर केबल किंवा सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट.

नवी पट्टी १५० ते ४०० रुपये. बसवताना खालचा रंग-गंज घासून धातू उघडा करायला सांगा. रंगावर बसवलेली पट्टी नसल्यासारखीच.

सेल्फ खोलण्याची वेळ आली तर

बॅटरी ठीक, केबली ठीक, अर्थ ठीक, सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर किल्ली फिरवताना १२ व्होल्ट येतात, तरी सेल्फ गप्प. आता खोला. त्या टर्मिनलवर करंटच येत नसेल तर सेल्फ खोलू नका, इग्निशन स्विच किंवा त्याची वायर बघा. स्विच ३०० ते ८०० रुपये.

कार्बन, बुश, साफसफाई : ८०० ते १,५०० रुपये, बहुधा त्याच दिवशी. सोलेनॉइड : ७०० ते १,५०० रुपये. आर्मेचर किंवा फील्ड कॉइल रिवाइंडिंग : वर आणखी १,००० ते १,८०० रुपये, एक-दोन दिवस.

रिवाइंडिंगला हो म्हणण्याआधी आर्मेचर डोळ्यांनी पाहा. जळालेल्या वाइंडिंगला करपट वास येतो, वार्निश काळं पडलेलं असतं. नुसता कॉम्युटेटर काळा असेल तर तो घासून किंवा लेथवर साफ होतो, त्याला रिवाइंडिंग लागत नाही. आर्मेचर बदललंच तर जुनं परत मागा. त्यात तांबं आहे आणि तांब्याला भाव आहे. ठेवायचं नसेल तर त्याची किंमत मजुरीतून वजा करून घ्या.

आणि तुमच्याकडून : सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सलग दळत बसलात तर धड सेल्फही जळतं.

इंजिन फिरतं, पण चालू होत नाही

सर्वप्रथम ठिणगी बघा. एक प्लग काढा, त्याच्या वायरीत घाला, प्लगचा धातूचा भाग इंजिनला टेकवा, प्लग उघड्या भोकापासून आणि कार्ब्युरेटरपासून दूर ठेवा. वायर उघड्या हाताने धरू नका, रबरी मुठीची पक्कड वापरा. सेल्फ मारल्यावर निळी, चटचट आवाजाची ठिणगी दिसली तर इग्निशन ठीक, पेट्रोलकडे वळा. पिवळी, मरगळलेली किंवा शून्य असेल तर पुढे चला.

टेस्ट लॅम्पचं एक टोक इंजिनला, दुसरं कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून वायर डेल्कोकडे जाते. किल्ली ऑन करा, सेल्फ मारा.

बल्ब लुकलुकतो : पॉइंट उघडमीट करतात. संशय कंडेन्सर, कॉइल, कॅप किंवा रोटरवर.

बल्ब सतत पेटलेला : पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर काजळी-तेल आहे.

बल्ब पेटतच नाही : आधी कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलवर करंट आहे का बघा. नसेल तर दोष किल्लीकडून येणाऱ्या वायरीत. असेल तर पॉइंट चिकटले आहेत, कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा कॉइल आतून तुटली आहे.

एवढं कळलं की शंभर-दोनशेची वस्तू नेमकी बदलता येते. सीबी पॉइंट १०० ते २५०, कंडेन्सर ७० ते १५०, रोटर ५० ते १५०, डेल्कोची कॅप २०० ते ४५०, चार प्लग ४०० ते ६००, कॉइल ६०० ते १,२०० रुपये.

पॉइंटचा गॅप बहुतेक चार सिलिंडरच्या जुन्या गाड्यांत ०.३५ ते ०.५० मिलिमीटरच्या दरम्यान असतो, प्लगचा साधारण ०.६. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या हँडबुकातून घ्या. गॅप बदलला की टायमिंगही हलतं. म्हणून पॉइंट बदलण्याचा भाव विचारताना “टायमिंगसकट किती?” असं विचारा. नाहीतर शंभराचा पॉइंट बसतो आणि टायमिंगचे ३०० ते ६०० रुपये वेगळे लागतात. दोन्ही कामं मिळून तासाभराची आहेत.

नवे पॉइंट आठवड्यात जळून निळे-काळे पडले तर पुन्हा पॉइंट घेऊ नका. कंडेन्सर कमजोर आहे किंवा कॉइल चुकीची आहे. काही गाड्यांत कॉइलच्या आधी रेझिस्टर असतो, त्यांची कॉइल वेगळी असते. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओहम, रेझिस्टरवालीचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. एकीच्या जागी दुसरी बसवली की पॉइंट तरी जळतात नाहीतर ठिणगी तरी मरते. दुकानात जुनी कॉइल घेऊन जा आणि दोन्ही मीटरवर लावून मगच पैसे द्या.

गरम झाली की बंद, पावसात बंद

गाडी अर्धा तास चालते, बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. हा दोष कॉइल किंवा कंडेन्सरचा असतो, किंवा पेट्रोलच्या पाइपात वाफ धरते. फरक ओळखायची वेळ एकच : बंद पडल्या क्षणी. तिथल्या तिथे ठिणगी बघा. निळी असेल तर कॉइल बदलू नका, पेट्रोलपंप आणि पाइपाकडे बघा. ठिणगी नसेल तर कॉइलवर थंड पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा. त्याने गाडी चालू झाली तर बहुधा कॉइल बदलायची आहे.

पावसाळ्यात डेल्कोची कॅप उघडून आतून सुक्या कपड्याने पुसा. आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसून उपयोग नाही. त्या रेघेतून करंट पळतो, कॅप बदला. प्लगच्या वायरी तपासायच्या तर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. ठिणग्या नाचताना दिसतील तिथे वायर फुटली आहे.

कुठे जायचं

कंपनीचं सर्व्हिस सेंटर आता नाही. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पद्मिनीचं त्याच्या कितीतरी आधी, आणि मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. टॅक्सी होत्या तोवर त्यांचे पार्ट रोज खपत होते, म्हणून नाक्यावर मिळत होते. आता शोधावे लागतात.

सेल्फ-डायनामोसाठी मोठ्या गॅरेजमध्ये जाऊ नका. तिथून वस्तू बाहेरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच जाते आणि मधला वाटा तुम्ही भरता. तुम्हीच थेट त्याच्याकडे जा. पार्टसाठी मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. जुनी मूळ वस्तू हवी असेल तर मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर. सकाळी अकरानंतर जा, जुना पार्ट हातात घेऊन जा. नाव सांगून आणलेला पार्ट परत न्यावा लागतो, नमुना दाखवून आणलेला बसतो.

जुन्या बाजारातली इलेक्ट्रिकची वस्तू मीटर लावल्याशिवाय घेऊ नका. तिथे परतीची सोय नाही. नामांकित कंपनीच्या खोक्यातला डुप्लिकेट माल सगळीकडे आहे. छपाई पुसट, एमआरपी नाही, किंमत निम्मी, अशी खोकी सोडा. चांगला चाललेला जुना कंडेन्सर, पॉइंट, रोटर फेकू नका. तो डिकीत ठेवा. रस्त्यात तोच घरी आणतो.

बिलात लपलेले खर्च

फोन करतानाच विचारा : येण्याचे किती, तपासणीचे किती, काम केल्यास ते वजा होतात का? येण्याचे ३०० ते ६०० रुपये पडतात आणि बहुतेक जण काम मिळाल्यावर सोडून देतात. मात्र आधी विचारलं तरच.

टोइंग : गाडी अख्खी वर घेणाऱ्या फ्लॅटबेडचे शहरात १,५०० ते ३,००० रुपये. किलोमीटर एकेरी धरतात की जाऊन-येऊन, थांबण्याचे वेगळे का, हे आधीच ठरवा. स्वस्त म्हणून हुकाने पुढून उचलू देऊ नका. जुन्या चासिसला गंज असतो, वाचलेल्या पाचशेच्या बदल्यात पत्र्याचं काम निघतं.

जीएसटी : २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर आणि बॅटरीवर १८ टक्के दर आहे. बिलात २८ टक्के दिसले तर विचारा. बिलावर जीएसटी नंबरच नसेल तर जीएसटीच्या नावाने एक रुपयाही देऊ नका. तो नंबर नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही.

“पूर्ण वायरिंग बदलावं लागेल” हे वाक्य ऐकलंत की थांबा. कुठली वायर, कुठे मोडली, मीटरवर दाखवा असं म्हणा. वायरीचं कव्हर बोटाने वाकवल्यावर तडकत असेल, जागोजागी चिकटपट्टीचे सांधे असतील तर वायरिंग खरोखर बदला, आगीचा धोका आहे. नाहीतर नव्हे. बदलायचीच झाली तर मूळ रंगांच्या वायरी वापरायच्या, हे बिलावर लिहून घ्या. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या लावल्या तर पुढचा प्रत्येक दोष शोधायला दुप्पट मजुरी.

कागद कुठले लागतील

पार्ट घेताना : आरसीची प्रत, कारण वर्ष आणि इंजिन नंबरावरून मॉडेल कळतं. हँडबुक किंवा वायरिंगच्या नकाशाची झेरॉक्स. जुना पार्ट. आधीचं बिल.

विम्यासाठी : पॉलिसी काढून बघा. इलेक्ट्रिकल बिघाड, म्हणजे सेल्फ किंवा कॉइल जळणं, साध्या मोटार विम्यात भरून मिळत नाही. शॉर्ट सर्किटने लागलेली आग सर्वंकष पॉलिसीत येते, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्याची किंमत तुम्ही आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते, म्हणून गाडीचे फोटो आणि दुरुस्तीची बिलं जपा. रस्त्यावरच्या मदतीची सोय जुन्या गाडीला देतात का, हे नूतनीकरणाच्या वेळीच विचारा.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवर गेली असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी करायची असेल तर नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. अट अशी की चासिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही.

काम फसलं आणि गॅरेज ऐकत नसेल तर : पक्कं बिल, बदललेला जुना पार्ट, मीटरच्या आकड्यांचे फोटो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही दिलेल्या मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कच्च्या चिठ्ठीवर मात्र काहीच सिद्ध होत नाही, म्हणून बिल आधी.

शॉर्टकट : चालतील ते आणि नकोत ते

चालेल : रस्त्यात अडकलात तर पॉइंट पॉलिश पेपरने हलकेच घासणं आणि व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीने गॅप ठेवणं. घरी पोचल्यावर फीलर गेज लावा.

चालेल : धक्का स्टार्ट, सपाट रस्त्यावर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये. पण बॅटरी पार मेलेली असेल तर कॉइललाच करंट नाही, कितीही ढकला. उतारावर एकट्याने करू नका.

नको : सोलेनॉइडचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडणं. गाडी गिअरमध्ये असेल तर ती समोर उभ्या माणसावर येते.

नको : सतत जाणाऱ्या फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद. फ्यूज जातो तो वायर वाचवण्यासाठी.

नको : रेडिओसाठी किल्ली ऑन ठेवून बसणं. इंजिन बंद असताना पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात.

विचार करून : पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट. काही हजारांचा खर्च, नंतर गॅपची कटकट नाही. पण कॉइल त्याला जुळणारी लागते, आणि काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू अर्थ असते. उलटं जोडलं की किट क्षणात जातं. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा, कारण किट रस्त्यात गेलं तर दुरुस्त होत नाही.

शेवटचं काम आजच करा, गाडी ठणठणीत असताना. एक छोटी वही घ्या. रात्रभर उभी असताना बॅटरी किती, सेल्फ मारताना किती, रेसवर किती, अर्थच्या पट्टीवर किती, असे चार आकडे तारखेसह लिहा. दर तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. ज्या दिवशी गाडी चालू होणार नाही, त्या दिवशी पुन्हा तेच चार आकडे घ्या आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. जो आकडा बदलला असेल, तिथेच हात घाला. गॅरेजमध्येही तीच वही पुढे ठेवा. माझे जे २,२०० रुपये गेले, ते अशा एका पानाने वाचले असते.